प्रश्न क्रमांक चौदा

एकतीस वर्षे आणि आठ महिने रत्नाबाई माने यांनी दुसऱ्यांचे बोलणे कागदावर उतरवले. बंगळूरच्या एका टोकाला असलेल्या सत्र न्यायालयात त्या लघुलेखिका होत्या. कोणत्या न्यायालयात, हे सांगण्याचे येथे कारण नाही. आधी कन्नड टंकयंत्र, मग विजेवर चालणारे, मग संगणक, अशी तीन यंत्रे त्यांच्या हाताखालून गेली. पण त्यांचा समास चार बोटांचा होता तो चार बोटांचाच राहिला. साक्षीदार रडू लागला की त्या हात थांबवीत. वकील ओरडू लागला की थांबवीत नसत. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या शालीची घडीसुद्धा त्यांनी घरी आल्यावर मोडून पुन्हा स्वतःच्या पद्धतीने घातली.

मान्यांचे घराणे आनेकलला कधी आले, ते आता कोणालाच नेमके सांगता येत नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. कचेरीतली इंग्रजी रत्नाबाईंना नोकरीने शिकवली. या तीन भाषांमुळेच निवृत्तीनंतर वर्षभरात विधी सेवा प्राधिकरणाने त्यांना स्वयंसेविका म्हणून बोलावले. आठवड्यातून दोन सकाळी त्या मध्यवर्ती कारागृहात जात आणि शिक्षा झालेल्यांना अपिलाची वाट समजावून देत.

"शिक्षा झाली म्हणजे तोंड बंद झालं, असं समजू नका," त्या ठणकावून सांगत. "वरच्या कोर्टात दाद मागायचा हक्क तुमचा आहे. वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा, आणि तो उपकार म्हणून नव्हे. घटनेचा एकविसावा अनुच्छेद वाचा, एकोणचाळीस-अ वाचा. तुमच्या बाजूनं कोणी बोलल्याशिवाय तुमचं अपील निकालात काढता येत नाही."

"अक्का, वाचायला चष्मा पण सरकारच देणार काय?" एखादा मागून विचारी. सगळे हसत. अक्का न हसता कारागृहाच्या दवाखान्यात द्यायचा चष्म्याचा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवीत.

ज्या अपिलाची ही हकिकत आहे, ते दामोदर चौगुले याचे. मूळचा गडहिंग्लजकडचा, वय छत्तीस. बोम्मसंद्र्यात प्लास्टिकचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो मशीन चालवी, आणि दुसऱ्या पाळीत गोदामाची किल्लीही त्याच्याकडे असे. एका संध्याकाळी त्या गोदामाला आग लागली. पुठ्ठ्याची खोकी जळाली, छप्पर जळाले. माणसाला मात्र कोणाला ओरखडाही आला नाही. आठवडाभर आधी रजेवरून दामोदरचे सुपरवायझरशी कडाक्याचे भांडण झाले होते. ते भांडण, ती किल्ली आणि त्याच्या उजव्या तळहातावरची भाजल्याची खूण, एवढ्या तीन गोष्टींवरून आग त्यानेच लावली असे ठरले आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांतली तीन वर्षे दहा महिने भोगून झाली होती. उच्च न्यायालयातली सुनावणी एकोणीस दिवसांवर आली होती.

त्याला विधी सेवेकडून मिळालेली वकील नीलिमा नागपूरची. तिशीतली, हुशार, कामाला वाघ. व्हाइटफील्डहून दोन मेट्रो आणि एक रिक्षा करून कारागृहापर्यंत येई. तिचे कन्नड मात्र भाजी घेण्यापुरते होते.

"हे बघा दामोदर, मी प्रॅक्टिकल बोलते," मुलाखतीच्या खोलीत ती म्हणाली. "आपण जजसाहेबांना सांगू की जेवढी शिक्षा भोगली तेवढीच पुरे धरा. दोषी ठरवलं त्याबद्दल वाद घालायचा नाही, फक्त वर्षं कमी करून मागायची. बहुतेक वेळा मिळतं. महिन्याभरात तुम्ही बाहेर!"

"आणि कागदावर काय ऱ्हाणार? आग मीच लावली म्हणून?"

"ते तसंच राहील."

"मग न्हाई. सातच्या सात काढीन, बाई. पण आगलाव्या म्हणून गावात पाय ठेवायचा न्हाई. धाकटी पोरगी आहे माझी. तिला लोक काय म्हणून हाक मारतील?"

नीलिमा रत्नाबाईंकडे वळली. "मॅम, तुम्ही तरी समजवा ना ह्यांना."

"त्यानं नीट समजूनच सांगितलंय," रत्नाबाई म्हणाल्या. "आता समजायचं आपल्याला आहे. खालच्या कोर्टाचे मूळ कन्नड कागद मला द्या. सगळे. इंग्रजी सारांश नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, जेवणाचे टेबल दोनदा पुसून, रत्नाबाई दोनशे बारा पानांपुढे बसल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान पुरुषोत्तमराव वर्तमानपत्र वाचत होते. तेही बोम्मसंद्र्यातच एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कागदाचे काम बायकोचे आणि लोखंडाचे आपले, ही विभागणी त्यांना मनापासून मान्य होती.

एकशे एकाहत्तराव्या पानावर आरोपीचा जबाब सुरू झाला. फौजदारी खटल्यात पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला समोर उभे करतात आणि त्याच्याविरुद्ध जे जे आले ते एकेक करून त्याच्यापुढे मांडून विचारतात, की यावर तुझे म्हणणे काय. कायद्याच्या कलमावरून कचेरीत त्याला 'तीनशे तेरा' म्हणत. आरोपीला स्वतःच्या तोंडाने खुलासा करण्याची ती हक्काची संधी. जी गोष्ट त्याच्यापुढे मांडलीच नाही, ती निकालात त्याच्यावर लादता येत नाही. हे सगळे रत्नाबाईंना अर्थातच पाठ होते.

पान उघडताच त्यांना ओळखीचे काहीतरी जाणवले. समास चार बोटांचा. प्रत्येक प्रश्नाखाली बारीक रेघ. आणि पानाच्या तळाशी, टंकलेखकाच्या आद्याक्षरांच्या जागी, 'र. मा.'

निवृत्तीच्या दोन महिने आधीची तारीख होती. दामोदर चौगुलेचा जबाब त्यांनीच टंकला होता. तो मनुष्य त्यांच्यापासून सहा हातांवर उभा असला पाहिजे. त्याचा चेहरा काही केल्या आठवेना.

त्यांनी प्रश्न वाचायला घेतले. ते तर न वाचताही त्यांना म्हणता आले असते. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका न्यायाधीशांनी तक्रार केली होती की या जबाबाचे प्रश्न तयार करण्यात अर्धा दिवस जातो. तेव्हा रत्नाबाईंनी चौतीस प्रश्नांचा साचा बांधून दिला. पंचासाठी हा प्रश्न, फिर्यादीसाठी हा, डॉक्टरसाठी हा, तपासी अंमलदारासाठी हा. नाव आणि क्रमांक भरले की काम झाले. साहेब खूश झाले. शेजारच्या न्यायालयांतून त्याच्या प्रती मागवण्यात आल्या. 'रत्नाक्कांचा साचा' हे नाव त्याला तेव्हापासून पडले, आणि ते ऐकताना रत्नाबाईंची मान आपोआप ताठ होई.

प्रश्न चौदा असा होता: 'साक्षीदार क्रमांक नऊ, वैद्यकीय अधिकारी, यांनी जखमी व्यक्तीस तपासून प्रमाणपत्र दिल्याचे सांगितले आहे. काय म्हणता?' उत्तर: 'मला माहीत नाही.'

जखमी व्यक्ती? या आगीत जखमी कोणीच नव्हते. त्यांनी शहाण्णवावे पान काढले. साक्षीदार नऊ, डॉक्टर. त्यांनी तपासले होते ते अटक केलेल्या दामोदरला, आणि त्याच्या तळहातावर भाजल्याची जखम आढळल्याचे सांगितले होते. मग रत्नाबाईंनी निकालपत्र उघडले. परिच्छेद एकतीस: 'आरोपीच्या हातावरील भाजल्याची खूण हा सर्वांत बोलका पुरावा आहे. आरोपीने तिचा कोणताही खुलासा केलेला नाही.'

खुलासा कसा करणार? त्या खुणेबद्दल त्याला विचारलेच नव्हते. साच्यातला डॉक्टरचा प्रश्न मारामारीच्या खटल्यांसाठी लिहिलेला, आणि मारामारीत डॉक्टर तपासतो तो मार खाणाऱ्याला. आगीच्या खटल्यात तोच प्रश्न जसाच्या तसा बसवला गेला. न्यायाधीशांनी वाचला, वकिलाने ऐकला, रत्नाबाईंनी टंकला. आणि कोणाची भुवई वर गेली नाही, कारण तो प्रश्न दर वेळी तिथेच असे.

"पान उलटत नाही गं तुझं," पुरुषोत्तमराव वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी."

वर्तमानपत्र खाली आले. "अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकतोय मी. स्वल्प थांब, तारीख लिहून ठेवतो."

रत्नाबाईंनी पान त्यांच्यापुढे सरकवले आणि सगळे सांगितले. पुरुषोत्तमरावांची थट्टा थांबली. "अगं, पण प्रश्न साहेबांनी विचारला, सही साहेबांची. तू सांगितलेलं टाइप करणारी."

"टाइप करणारीनं साचा केला नसता तर साहेबांनी साक्ष वाचून प्रश्न काढला असता. मी सगळ्यांना न वाचायची सोय करून दिली."

"सरी, बरं. मग आता?"

"आता काय? सापडली ना! सापडलेली चूक दुरुस्त होते. न सापडलेलीची भीती." त्यांनी फोन उचलला.

नीलिमाने मुद्दा ऐकला आणि पलीकडे खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला. "मॅम! सारांशात फक्त 'डॉक्टरची साक्ष, माहीत नाही' एवढंच होतं. म्हणजे त्यांचा मेन पुरावा त्याला कधी विचारलाच नाही? मग तो बाजूला काढावा लागेल. आणि तो काढला तर उरलं काय? एक भांडण आणि एक किल्ली!"

"बरोबर. आणि तो प्रश्न ज्या साच्यातला आहे तो साचा माझा, आणि तो कागद टंकलाही मीच."

"मॅम, हे तुम्ही कुणाला सांगायची खरंच गरज नाहीये. रेकॉर्ड स्वतः बोलतंय."

"प्राधिकरणाच्या सचिवांना आजच पत्र लिहिते, त्यांनी काढलं तर मी या कामातून बाजूला होईन. पण त्याला मी स्वतः सांगणार. तो हक्क त्याचा आहे."

सचिवांचे उत्तर दोन दिवसांत आले. काम चालू ठेवावे, मात्र रत्नाबाईंनी भाषांतरापुरतेच राहावे आणि अपिलाची बाजू काय मांडायची ते वकिलानेच ठरवावे. ही शिस्त त्यांना पसंत पडली.

त्या मंगळवारी मुलाखतीच्या खोलीत, नीलिमा शेजारी असताना, रत्नाबाईंनी दामोदरपुढे एकशे एकाहत्तरावे पान ठेवले. प्रश्न मराठीत वाचून दाखवला, परिच्छेद एकतीस वाचून दाखवला आणि खालच्या दोन अक्षरांवर बोट ठेवले. "हे 'र. मा.' म्हणजे मी. हा प्रश्न चुकीचा विचारला गेला तो माझ्यामुळे. तुला माझ्याऐवजी दुसरं कोणी हवं असेल, तर तसं आत्ताच सांग."

दामोदर त्या अक्षरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "खिडकीपाशी बसायचा तुम्ही. निळ्या काठाची साडी होती."

"ओळखलंस मला?"

"पहिल्याच दिवशी वळखलं हितं. बोललो न्हाई. म्हटलं, आठवण करून दिली आणि बाई अवघडून यायच्या थांबल्या, तर? एक अक्का कागद वाचतीया, तीबी घालवू?"

नीलिमाने मान खाली घातली. रत्नाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला त्या दिवशी कळंनाच," दामोदर सांगू लागला, "ह्यो जखमी कोण आणला मधीच. माझा वकील तिसरा, आदल्या आठवड्यात आलेला. तो म्हणला, म्हाईत न्हाई म्हण. आणि मला खरंच म्हाईत नव्हतं!" तो पहिल्यांदाच हसला. "अक्का, चुकलं ते चुकलं. आता बरोबर प्रश्न इचारा की."

नीलिमाने मान डोलावली, तशा रत्नाबाई सरळ बसल्या. कोरा कागद घेतला, चार बोटांचा समास आखला. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो प्रश्न टंकले होते. आपल्या तोंडाने एकही विचारला नव्हता.

"दामोदर चौगुले, साक्षीदार क्रमांक नऊ, वैद्यकीय अधिकारी, यांनी सांगितलं आहे की अटकेच्या वेळी तुमच्या उजव्या तळहातावर भाजल्याची जखम होती. ती गोदामाला आग लावताना झाली, असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे. यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

दामोदरने तळहात टेबलावर उलटा केला. "आगीच्या दोन दिवस आधी मशीनच्या हीटरला माझा हात लागला. मलमपट्टी कारखान्यातच केली. मलमाच्या पेटीजवळच्या वहीत लिहिलंय, कुणाला कधी काय लागलं ते. हिरवी वही. आता ती कुठं असंल, देव जाणे."

रत्नाबाईंनी शब्द न शब्द लिहून घेतला आणि खाली त्याची सही घेतली. नीलिमा तोवर कागद चाळू लागली होती. "मॅम, पोलिसांनी कारखान्यातून काय काय जप्त केलं, त्याची यादी?"

"पान चव्वेचाळीस," रत्नाबाई कागदाकडे न बघता म्हणाल्या.

किल्ली कोणाकडे होती हे सिद्ध करण्यासाठी पोलिसांनी पाळीच्या नोंदवह्यांचा अख्खा गठ्ठाच उचलला होता. यादीत सातवी नोंद होती: 'लहान वही एक, हिरवे कव्हर.' ती नंतर कोणी उघडल्याची खूण नव्हती. गठ्ठा खालच्या न्यायालयाच्या कागदांबरोबर उच्च न्यायालयात येऊन पडला होता. नीलिमाने तपासणीसाठी अर्ज केला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नाबाईंना तिचा फोन आला. ती धापा टाकत बोलत होती. "मॅम, आहे! तारीख, चौगुले डी., उजवा तळहात, हीटर, मलम, पट्टी. आगीच्या बरोबर दोन दिवस आधी!"

पुरुषोत्तमरावांनी फक्त मान हलवली. "त्या मशीनचा हीटर लागतो तळहातालाच. मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"तुम्ही साक्षीदार नव्हता," रत्नाबाई म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी त्या आनेकलहून पहिल्या बसने निघाल्या आणि उच्च न्यायालयाच्या लाल इमारतीतल्या दालनात सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढे बसून कोणाचेही बोलणे उतरवायचे नाही, हे हातांना चमत्कारिक वाटत होते. नीलिमा उभी राहिली. तिने शिक्षा कमी करण्याबद्दल एक शब्दही काढला नाही. प्रश्न चौदा, साक्षीदार नऊ, परिच्छेद एकतीस, एवढी तीन पाने तिने न्यायमूर्तींपुढे शेजारी शेजारी ठेवली.

सरकारी वकील अनुभवी होते. "चूक झाली असे धरले, तरी तिने आरोपीचे नुकसान काय झाले ते दाखवायला हवे. फार तर खटला पुन्हा खाली पाठवावा, तिथे प्रश्न नीट विचारला जाईल."

न्यायमूर्तींनी नीलिमाकडे पाहिले. "हा प्रश्न तेव्हा योग्य रीतीने विचारला असता, तर तुमच्या अशिलाने काय सांगितले असते?"

मागच्या बाकावर रत्नाबाईंची बोटे मांडीवर थांबली. नीलिमाने दामोदरच्या जबाबाचे इंग्रजी भाषांतर वाचून दाखवले. मग हिरवी वही पुढे केली. "ही वही बचाव पक्षाने आणलेली नाही. ती तपास यंत्रणेच्याच ताब्यात होती आणि याच गठ्ठ्यात पहिल्या दिवसापासून आहे. खटला परत पाठवायचा असेल, तर माझा एकच प्रश्न आहे. विचारायची चूक व्यवस्थेची. त्यापायी आणखी वर्षे आरोपीने का काढायची? ज्याला आपले म्हणणे मांडू दिले नाही, त्याच्या बाबतीत एकविसाव्या अनुच्छेदातली न्याय्य पद्धत पाळली गेली, असे म्हणता येत नाही."

न्यायमूर्तींनी वहीतले ते पान बराच वेळ पाहिले, सरकारी वकिलांनाही पाहायला दिले. वकील म्हणाले, "नोंदीबद्दल मला काही सांगायचे नाही," आणि खाली बसले. पुढच्या शुक्रवारी निकाल लागला. शिक्षा रद्द, दामोदर चौगुले निर्दोष.

सोमवारी सकाळी सुटकेचा हुकूम कारागृहात पोहोचला. रत्नाबाई आणि नीलिमा कचेरीत आधीच येऊन बसल्या होत्या. निकालाची प्रत दामोदरला मोफत मिळायची होती, तशी ती आली, पण इंग्रजीत. शनिवार-रविवार बसून रत्नाबाईंनी तिचे मराठी भाषांतर केले होते. स्वच्छ अक्षरांत सोळा पाने. ती दोन्ही त्यांनी त्याच्या हातात दिली.

टेबलामागचा हवालदार घड्याळ दाखवून कन्नडमध्ये म्हणाला, "इथं सही कर आणि नीघ बाबा. लोक सुटले की धावत जातात. तुझी गडहिंग्लजची गाडी चुकेल."

दामोदरने खुर्ची ओढली आणि पहिले पान काढले.

"आता इथं वाचत बसणार हा?"

"वाचू द्या," रत्नाबाई म्हणाल्या. "त्याच्याबद्दल लिहिलंय. गाडी दुसरी मिळेल."

हवालदाराने नीलिमाकडे पाहिले. तिने हसून खांदे उडवले आणि पर्समधून चिक्कीचे पुडके काढून त्याच्यापुढे धरले. त्याने एक तुकडा घेतला आणि तोही बसला. दामोदर बोट ठेवून ओळीओळीने वाचत होता. नवव्या पानावर तो थांबला.

"हितं लिहिलंय, 'प्रश्न साचेबंद पद्धतीने विचारला गेला.' तुमचं नाव न्हाई कुठं, अक्का."

"न्यायालयानं लिहिलेलं नाही. भाषांतरात पदरचं घालता येत नाही."

"घालावंसं वाटलं व्हतं?"

"वाटलं होतं," रत्नाबाई म्हणाल्या. "ते काम दुसरीकडे केलंय. ज्या ज्या कोर्टात माझा साचा गेला, त्या प्रत्येकाला पत्र धाडलंय, की तो वापरू नका, साक्ष वाचा. सोळा पत्रं. चारांची पोच आली."

"बाकीच्यांची?"

"येईल. नाही आली तर मी जाईन."

दामोदरने पान उलटले. दहाव्या पानावर पुन्हा त्याचे बोट थांबले, मागे गेले, तीच ओळ दुसऱ्यांदा धरून चालले. मग त्याने ती मोठ्याने वाचली. हवालदाराला मराठी कळत नव्हती, पण त्याचे चिक्की चावणे थांबले.

"'आगीच्या दोन दिवस आधी मशीनच्या हीटरला माझा हात लागला. मलमपट्टी कारखान्यातच केली.'" दामोदरने मान वर केली. "हे माझं हाय. मी बोललो तसंच लिवलंय."

"तसंच," रत्नाबाई म्हणाल्या.

त्याने उरलेली सहा पाने वाचली. मग पेन मागून घेतले आणि दाखवलेल्या जागी, सावकाश, पूर्ण नावाने सही केली.